नवतपातला केक

३१ मे हा महाराष्ट्रात निरोपाचा दिवस असतो. पूर्वी शाळेत मूल घालताना जन्मतारीख कुणाला सांगता आली नाही, की गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये उघडायची, वयाचा हिशेब सोपा पडायचा. अशा रीतीने गावंच्या गावं कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली. सरकारी नियम असा, की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे मे संपताना शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, लाइनमन, परिचारिका असे कितीतरी जण एकाच दिवशी सेवेतून बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी त्यांचाच वाढदिवस असतो. आता या समारंभांत शाल आणि नारळाच्या शेजारी केकही असतो.

नेमके हेच दिवस नवतपाचे. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस विदर्भ भाजून निघतो. गोंदियात तेव्हा ४४-४५ अंशांचं कुणाला नवल वाटत नाही. लोणी वितळायला त्याहून दहा अंश कमी पुरतात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘गारवा’ आहे, असं संपादकांनी कळवलं. वाळा, माठ, पाणपोई, नदीकाठ यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला पाहायचं होतं ते उघड्यावरच्या मांडवात, नवतपात, क्रीमचा गुलाब उभा कसा राहतो आणि तो उभा ठेवायला किती जणांचे हात लागतात. म्हणून मेच्या अखेरीस गोंदिया गाठलं.

अंगणातला समारंभ

आमगाव तालुक्यातल्या एका गावात एका मुख्याध्यापकांचा निवृत्ती समारंभ होता. शाळेला सुटी, म्हणून घरासमोरच्या अंगणातच मांडव घातलेला. सूर्य कलला होता, पण दिवसभर तापलेलं मांडवाचं कापड आणि खालची माती दोन्हीकडून धग येत होती. बिछायत केंद्रवाल्याने दोन जंबो कुलर लावले होते. त्यांच्यापुढच्या खुर्च्या आधी भरल्या. एका कोपऱ्यात वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदीची तयारी चालली होती.

केक सहाच्या सुमारास आला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून मधल्या टेबलावर ठेवला गेला. दोन किलोचा, पांढऱ्या क्रीमचा, कडेने गुलाबी गुलाब, मधोमध साखरेचा छोटा फळा आणि खडू, खाली चॉकलेटच्या अक्षरांत ‘सेवापूर्तीच्या शुभेच्छा’. पंचायत समितीचे एक साहेब यायचे होते. ते येईपर्यंत भाषणं सुरू झाली. गुरुजींचे विद्यार्थी लांबून आले होते, एकजण तर पुण्याहून. त्यांना बोलू न देणं अशक्य होतं, आणि ते बोललेही मनापासून.

मी केककडे पाहत होतो. केक एकदम वितळत नाही, त्याचा एक क्रम असतो. पहिल्यांदा क्रीमचा मऊ, मंद पांढरेपणा जाऊन त्यावर चकाकी येते. मग अक्षरांच्या कडा पसरतात, ‘र्ती’चा रफार शेजारच्या अक्षराला टेकतो. त्यानंतर गुलाबाची बाहेरची पाकळी खाली वाकते. शेवटी केकच्या बुडाशी, पुठ्ठ्यावर, पाण्याची बारीक कड दिसू लागते. ती कड दिसली की केक काही मिनिटांचा सोबती.

ती कड सगळ्यात आधी गुरुजींच्या सुनेला दिसली. कुणाला न विचारता तिने बोर्डासकट केक उचलला आणि आतल्या खोलीतल्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवला. वरचा कप्पा रिकामा करावा लागला. दुधाचं पातेलं आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर आल्या. साहेब आल्यावर, शेवटच्या भाषणाच्या शेवटच्या वाक्याला ती केक घेऊन बाहेर आली. गुलाब थोडे दबले होते, अक्षरं मात्र वाचता येत होती. गुरुजींनी केक कापला तेव्हा आतला थर गारच होता.

आत गार, बाहेर पाणी

आतला थर गार असूनही बाहेरचं क्रीम ढासळत होतं, यात बरंच काही सांगून झालं आहे. स्पंज म्हणजे हवेने भरलेली जाळी. तिच्यातून उष्णता फार सावकाश जाते. रात्रभर थंड केलेला केक बाहेर काढला तर त्याचा गाभा तासन्‌तास थंड राहतो. तापते ती कातडी, आणि सगळी सजावट कातडीवरच असते.

ही कातडी कशाची आहे यावर पुढचं ठरतं. लोण्याचं क्रीम तिशी ओलांडली की सैल होतं आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान त्याचं तूपच व्हायला लागतं. दुधाच्या सायीचं फेटलेलं क्रीम त्याहून नाजूक. ते म्हणजे फेस. हवेचे बुडबुडे चरबीच्या बारीक कणांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात. कण मऊ झाले की बुडबुडा सुटतो, हवा निघून जाते आणि धरलेलं पाणी खाली उतरतं. पुठ्ठ्यावरची कड त्याच पाण्याची. एकदा ढासळलेला फेस पुन्हा थंड केला तरी पूर्ववत होत नाही, म्हणून हा अपघात वेळेआधीच टाळावा लागतो.

गोंदियातल्या बहुतेक केकवर सायीचं क्रीम नसतंच. असतं ते वनस्पती तेलाचं व्हिप टॉपिंग, बेकरीवाले ज्याला नुसतं ‘व्हिप क्रीम’ म्हणतात. पामच्या गरातलं तेल हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं असतं. डबा गोठलेल्या अवस्थेत येतो, फ्रिजमध्ये सावकाश सुटू द्यायचा, थंड असतानाच फेटायचा. फुगून तिप्पट-चौपट होतो. त्यातली चरबी पस्तिशीच्या आसपास वितळते, म्हणून सायीच्या क्रीमपेक्षा हे बरंच तग धरतं. पण ‘बरंच’ म्हणजे पंख्याखालच्या खोलीत. मांडवात ४० अंश असताना तेही हार मानतं.

चॉकलेटचीही तीच गोष्ट. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. तोंडात घातल्यावर ते विरघळतं ते म्हणूनच, आणि मेच्या दुपारी बोटांना लागतं तेही म्हणूनच. बाजारात विटेसारखं मिळणारं ‘कंपाऊंड’ कोको बटरऐवजी दुसऱ्या चरबीवर बनतं आणि थोडं जास्त सोसतं. चॉकलेट आणि क्रीम एकत्र करून गनाश करतात तेव्हा हिवाळ्यात दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम चालतं, उन्हाळ्यात तीनास एक घ्यावं लागतं. पांढऱ्या चॉकलेटला तर चारास एक.

या सगळ्यांत उन्हाला बिलकुल न भिणारी वस्तू कित्येक घरांतल्या डब्यात असते, ती म्हणजे चायना ग्रास. समुद्री शेवाळातून मिळणारा हा पदार्थ एकदा थिजला की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. शिवाय शाकाहारी. गोंदियाच्या बाजारात मारवाडी, गुजराती, जैन घरांची ऑर्डर मोठी, केक बहुधा बिनअंड्याचा, आणि जिलेटिन चालायचं नाही. जिलेटिन तसंही पस्तिशीच्या आसपास पाणी होतं. आंब्याचा रस चायना ग्रासमध्ये थिजवून केकवर चकती ठेवली तर मेच्या उन्हात ती क्रीमपेक्षा कितीतरी उशिरापर्यंत नीट राहते. रंगही आंब्याचाच. मला हा उपाय सगळ्यांत देखणा वाटला, पण लोकांना केक म्हणजे क्रीमचे गुलाबच हवे असतात.

कुलरचा वारा

विदर्भात उन्हाळ्यावरचं पहिलं उत्तर कुलर. लाकडाच्या किसाच्या किंवा वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी, मागून पंखा. हवा कोरडी असल्याने इथे तो जीव तोडून काम करतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कुलर खोलीत २८ अंशांची हवा सोडू शकतो. माणसाला तेवढा गारवा पुरतो. केकलाही पुरेल असं वाटतं.

पण ही हवा गार होते ती पाणी पिऊन. आत येताना तिची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास पोचलेली असते. क्रीमला त्याचं फारसं काही नाही. संकट येतं ते फॉन्डंटवर, म्हणजे साखरेच्या लाटलेल्या चादरीवर, आणि साखरेच्या बाहुल्यांवर. साखर हवेतलं पाणी ओढते. कुलरसमोर ठेवलेला फॉन्डंटचा केक तासाभरात चिकट होतो, बाहुलीची मान मऊ पडते, गडद रंग खाली उतरतो. त्याच केकला कुलर नसलेल्या कोरड्या खोलीत ठेवलं तर उलटं होतं, चादरीला सुरकुत्या पडून कोपऱ्यांवर तडे जातात. मुंबईच्या दमट हवेत शिकलेली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. इथे फॉन्डंट मळताना ग्लिसरीन थोडं जास्त घालावं लागतं आणि लाटताना हात भराभर चालावा लागतो.

फ्रिजमधून काढलेल्या केकला घाम येतो, हे बेकरीवाल्यांचं रोजचं दुखणं. चार अंशांचा थंड पृष्ठभाग बाहेरच्या हवेत आला की हवेतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते. मेच्या भर दुपारच्या कोरड्या हवेतही साधारण १२ अंशांच्या खालच्या वस्तूवर दव धरतं. कुलरच्या हवेत तर २१ अंशांच्या खालची प्रत्येक वस्तू ओली होते. म्हणजे कुलरपुढे थंड केक ठेवणं म्हणजे त्यावर पाणी शिंपडणं. यावर उपाय साधा आहे: केक डब्यातून लगेच काढायचा नाही. बंद डब्यात त्याला बाहेरच्या तापमानाकडे येऊ द्यायचं, घाम यायचा तो डब्याच्या बाहेरच्या अंगाला येतो. पण हे करायला वेळ लागतो, आणि क्रीमच्या केकला नेमका वेळच परवडत नाही. फॉन्डंटला एक वागणूक लागते, क्रीमला दुसरी. ज्या केकवर दोन्ही आहेत, तो उन्हाळ्यात करणाऱ्याची परीक्षा पाहतो.

पहाटेचं स्वयंपाकघर

गोंदिया शहरात घरून केक करून देणाऱ्या एका ताईंकडे मी त्या आठवड्यात गेलो. नवरा धानगिरणीत हिशेब पाहतो, मुलगी बारावीत. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत ओव्हन, आइस्क्रीमवाल्याकडून जुना घेतलेला डीप फ्रीजर आणि भिंतीवर अन्नसुरक्षेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. लहान उलाढालीला ही साधी नोंदणी पुरते. त्यांनी ते लॅमिनेट करून दारातून दिसेल असं लावलं आहे.

उन्हाळ्यात त्यांचं काम घड्याळाच्या उलट्या बाजूला सरकतं. स्पंज आदल्या दिवशी संध्याकाळी भाजून, गार करून, गुंडाळून ठेवलेला. पहाटे साडेतीनला उठायचं, कारण चोवीस तासांत खोली सगळ्यात गार तेव्हा असते. क्रीमचं भांडं आणि फेटायची पाती रात्रीच फ्रीजरमध्ये. आधी पातळ क्रीमचा एक हात फिरवून सुटलेला भुगा बसवायचा, केक पुन्हा फ्रिजमध्ये, मग दुसरा हात, पुन्हा फ्रिज. गुलाब केकवर थेट काढत नाहीत. बटर पेपरच्या तुकड्यांवर काढून फ्रीजरमध्ये गोठवतात आणि निघायच्या अगदी आधी एकेक उचलून बसवतात. “गोठलेला गुलाब अर्धा तास जास्त देते जी,” ताई म्हणाल्या. पाइपिंगची पिशवी हातात धरताना त्या मधेच बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवत होत्या. क्रीमला उन्हाआधी तळहाताची ऊब लागते, याचा विचार बाहेरून पाहणाऱ्याच्या मनात येत नाही.

क्रीमचे गोठलेले डबे नागपूरहून येतात. रेल्वेने हे अंतर १३० किलोमीटरच्या आसपास. डबा वाटेत सुटून पुन्हा गोठला असेल तर फेटताना कळतं, क्रीम फुगत नाही आणि दाणेदार होतं. म्हणून त्या डबा हलवून पाहतात, कोपरे चेपलेले असतील तर परत करतात.

सगळ्यात मोठी धास्ती लाईन जाण्याची. नवतपात प्रत्येक घरात कुलर, काही घरांत एसी, आणि रोहित्रावर भार. बंद फ्रिज उघडला नाही तर साधारण चार तास थंडी धरतो. गच्च भरलेला फ्रीजर दीड-दोन दिवस. म्हणून ताईंच्या फ्रीजरच्या तळाला पाण्याच्या बाटल्या गोठवून रचलेल्या असतात. लाईन गेली की घरात एकच आज्ञा सुटते, फ्रिजला कोणी हात लावायचा नाही. त्या सकाळी वीज गेली तेव्हा त्या स्टुलावर बसून राहिल्या, समोर अर्धवट केक. मुलीने पुठ्ठ्याने वारा घालायला सुरुवात केली, तर तिला थांबवलं. गरम हवेचा वारा केकला जास्त लवकर मारतो.

तूस आणि लादी

गोंदियाची ओळख धानाची. भंडाऱ्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ला हा जिल्हा झाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या धानगिरण्यांच्या मागे तुसाचे ढीग उभे आहेत. उन्हाळी धान मेमध्ये कापला जातो, तेव्हा गिरण्यांना पुन्हा काम लागतं. हे तूस जाळायला जातं, विटांच्या भट्टीत जातं. आणि बर्फावर जातं.

तलावांचा हा जिल्हा, त्यामुळे मासळी मोठी. बर्फाच्या कारखान्यातून लादी निघते ती मासळीसाठी आणि रसवंत्यांसाठी. गोणपाटाखाली तुसाचा थर देऊन लादी झाकण्याची रीत जुनी आहे. तुसाच्या प्रत्येक दाण्यात आणि दोन दाण्यांच्या मधे हवा अडकलेली असते, त्यामुळे कोरडं तूस उष्णता अडवण्यात थर्मोकोलच्या जवळपास जातं. भिजलं की मात्र कामातून जातं.

लाकडाचा भुसा, तूस, गवत यांच्या जिवावर बर्फाने फार लांबचा प्रवास केलेला आहे. १८३३मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने तिथल्या तळ्यांतला कापलेला बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला. १८० टन चढवला होता. चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, सुमारे १०० टन उतरला. पुढच्या वर्षी तो मुंबईतही पोचला. त्या काळी वीज नव्हती, होता तो नीट रचलेला भुसा.

ताईंच्या घरच्यांनी यातूनच एक पेटी केली आहे. एका मोठ्या खोक्यात दुसरं लहान खोकं, मधल्या चार बोटांच्या फटीत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घट्ट बांधलेलं कोरडं तूस. आतल्या खोक्याला चंदेरी कागद. तळाशी गोठवलेल्या बाटल्या, त्यांवर फळी, फळीवर केकचा डबा. बर्फ सुटा ठेवत नाहीत, पाणी होऊन पुठ्ठ्याला लागतं. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढ्यात सहा किलोंहून जास्त केक ५ अंशांवरून २५ अंशांवर जाईल. म्हणजे दोन किलोंच्या केकला दोन बाटल्या भरपूर झाल्या, पेटी गळकी नसेल तर. सगळा प्रश्न भिंतींचा आणि झाकणाचा. बाजारात तयार पेट्या मिळतात, पण टू-टियर केक मावेल एवढ्या उंचीची मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. ही पेटी गिरणीच्या मागच्या ढिगातून उभी राहिली आहे.

रस्ता

एक ऑर्डर देवरीकडची होती. मी गाडीत मागे, पेटीला धरून बसलो. केक मांडीवर किंवा सीटवर ठेवत नाहीत. सीट उतरती असते, केक हळूहळू सरकतो. सगळ्यात सपाट जागा म्हणजे पायांजवळची. निघण्याआधी गाडी सुरू करून एसी लावला, कारण उन्हात उभ्या बंद गाडीच्या आतलं तापमान साठीच्या वर जातं. पाच मिनिटं दारं उघडी ठेवली, मग पेटी आत गेली.

आमगाव सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या उन्हाळी धानाची शेतं, नंतर साग आणि मोह. तेंदूपानांची पुडकी उन्हात वाळत घातलेली. वळणावर ताईंचा नवरा गाडी अगदी सावकाश नेत होता. दोन थरांच्या केकमध्ये त्यांनी जाड स्ट्रॉ खोवलेल्या असतात, वरच्या थराचा भार त्यांवर जातो. तरीही क्रीम मऊ झालं असेल तर एका गतिरोधकाने सगळं संपतं. थंड क्रीम हे सिमेंट आहे, गरम झालं की तेच वंगण.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचे केक दुचाकीवरून जातात, पहाटे किंवा अंधार पडल्यावर. एकाने सांगितलं, ते दुपारची ऑर्डर घेतच नाहीत. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आधी केक

ताईंच्या पेटीपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटला तो त्यांचा फोन. प्रत्येक उन्हाळी ऑर्डरच्या आधी त्या पाच-सात मिनिटं बोलतात. केक कुठे ठेवणार? फ्रिजचा कोणता कप्पा रिकामा आहे, त्याची उंची किती? मांडव कापडाचा की टिनाचा? टेबलावर थेट दिवा आहे का? साहेब किती वाजता येणार? आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न, भाषणं आधी की केक आधी?

“केकले काही होत नाही जी. त्याले ताटकळत ठेवलं की होते,” त्या म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. इतक्या दिवसांत पाहिलेले बिघडलेले केक क्रीमने बिघडले नव्हते. ते थांबण्याने बिघडले होते: पाहुण्यासाठी, छायाचित्रकारासाठी, आत्याच्या गाडीसाठी. वाट पाहणं ही आपल्या समारंभांची रीत आहे आणि त्यात माणसांविषयीचा आदर असतो, हे मी नाकारत नाही. पण केकला तो आदर कळत नाही. समारंभ पत्रिकेत लिहिलेल्या वेळेनंतर किती उशिरा सुरू होतो हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. ते केकवालीलाही मोकळेपणाने सांगावं.

यात जिवाचाही प्रश्न आहे. दुधाचं क्रीम, ताजा आंबा, ओला स्पंज हे जंतूंचं आवडतं अन्न. खोलीच्या तापमानात असे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. केक दिसायला उभा आहे म्हणून तो खायला चांगला आहे असं नाही. काही जंतूंचं विष नंतर थंड करूनही जात नाही. मुलांच्या वाढदिवसाला आई-वडिलांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावी: उरलेला केक रात्री अकराला टेबलावरून उचलून फ्रिजमध्ये ठेवून सकाळी मुलांना देऊ नये.

मोठ्या लॉनवर आता एक तोड निघाली आहे. दिसायला चार मजली केक, पण खालचे तीन मजले थर्मोकोलचे, वर साखरेची चादर. कापायला फक्त वरचा थर, तो शेवटच्या घटकेला ठेवतात. पाहुण्यांना वाटायचा केक आत, फ्रिजमध्ये, साधा, सजावटीविना कापून ठेवलेला. काहींना ही फसवणूक वाटते. मला ती या हवेशी केलेली समजूत वाटते, फक्त पैसे देणाऱ्याला आधी स्पष्ट सांगितलेलं असावं.

दुसरी तोड मला पटत नाही. केक उभा राहावा म्हणून चरबी अधिकाधिक कडक करत नेणं. ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं त्यांना बेकरीच्या केकवरचे ते कडक गुलाबी गुलाब आठवत असतील, जे टाळूला चिकटून बसत. ते वनस्पती तुपाचे असत. वनस्पतीचा वितळण्याचा अंक नियमानेच ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान असायचा, म्हणून काही गुलाब ऊन सोसत आणि तोंडातही विरघळत नसत. अशा चरबीत ट्रान्स फॅटही भरपूर. २०२२पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटला दोन टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलं झालं. पण मूळ गोष्ट बदलत नाही. ३७ अंशांच्या तोंडात जे विरघळतं ते ४० अंशांच्या मांडवात टिकणार नाही, आणि मांडवात जे टिकेल ते तोंडात विरघळणार नाही. म्हणून नवतपात सजावट कमी असावी, क्रीमचा थर पातळ असावा, आणि केक शेवटी बाहेर यावा. सजवायचंच असेल तर साखरेच्या पातळ वाळवलेल्या पाकळ्या लावाव्यात. त्यांत चरबी नसते, कुलरपासून लांब ठेवल्या तर कोरड्या हवेत त्या रात्रभर ताठ राहतात. विदर्भाचा उन्हाळा एवढी एक सवलत देतो, ती मुंबईला मिळत नाही.

१ जूनची यादी

ताईंच्या वहीत ३१ मे आणि १ जूनची पानं इतर पानांहून भरलेली दिसतात. निवृत्तीचे केक पहिल्या दिवशी, त्यांच्याच घरचे वाढदिवसाचे केक दुसऱ्या. काही घरं दोन्ही एकाच केकवर भागवतात, अर्ध्या भागावर ‘सेवापूर्ती’, अर्ध्यावर ‘वाढदिवस’.

हा भार पुढे कमी होत जाणार आहे. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, जन्माची नोंद होते, आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखलाच पुरावा म्हणून चालतो. गुरुजींच्या लेखणीतून जन्मलेली पिढी वर्षागणिक निवृत्त होत जाईल, आणि नव्या मुलांचे वाढदिवस बाराही महिन्यांत विखुरतील. मेमधल्या मुलांचे केक मात्र राहतील, आणि ते वाढत आहेत, कारण आता अर्जुनी मोरगावच्या, सालेकशाच्या आतल्या गावांतूनही पहिल्या वाढदिवसाला केक मागवला जातो. त्या गावांना अजून केकवाली नाही. ताईंकडे सध्या दोन मुली शिकायला येतात, एक सालेकसा तालुक्यातली. तिच्या घरी फ्रिज एका दाराचा आहे. तिला पहिल्या आठवड्यात क्रीम फेटायला शिकवलं नाही. घरी कोणत्या वेळी किती अंश असतात ते वहीत लिहून आणायला सांगितलं आहे, पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत.